आवडाबाईंच्या अंगणातले दोन लेख

दिनांक ८ जानेवारी २०२४ रोजी हरेश्वर यांना सातशे पन्नास रुपये मानधन दिले. दोन लेखांचे: एक त्यांचा स्वतःचा, दुसरा त्यांनी इंग्रजीवरून मराठीत आणलेला. दोन्ही श्रीवर्धनला सुपारी सोलणाऱ्या आवडाबाईंवर.

हरेश्वर आमच्या साप्ताहिकात बरीच वर्षे गावोगावच्या माणसांवर लिहितात. त्यांचा शिरस्ता असा, की छापण्याआधी त्या माणसाच्या अंगणात बसून लेख मोठ्याने वाचायचा. माणसाने नको म्हटलेले खोडायचे. त्यामुळे त्यांच्या लेखात कधी कुणी भांडत नाही.

लिस्बनहून तेरेझा नावाची पत्रकार सुपारीच्या बागा बघायला आली, ती हे ऐकून हसली. "आमच्याकडे छापून येईपर्यंत दाखवत नाहीत. दाखवलं की माणूस लेखातून निघून जातो." मग दोघांनी आवडाबाईंवरच लिहून पाहायचे ठरवले.

तेरेझा लिहून परत गेली. आवडाबाईंची पत्ते खेळतानाची लबाडी, जाऊ गोदूशी कुंपणावरच्या पोफळीच्या झाडावरून धरलेला अबोला, सगळे तिने लिहिले होते. हरेश्वर वाचून दाखवल्याशिवाय छापणार नव्हते. पण बाई बिथरल्या तर पुढे एकही घर अंगणात बसू देणार नाही, ही त्यांना धास्ती. म्हणून साप्ताहिकाचा हिशेब लिहिणाऱ्या मलाही सोबत नेले.

आधी त्यांनी स्वतःचा लेख वाचला. आवडाबाईंनी जांभई दिली.

"कष्टाळू, मायाळू, सोशिक... मी मेले हाय काय रं? फोटोला हार घालायचाच ऱ्हायलाय!"

मग तेरेझाचा. पत्त्यांचे आले तशा त्या खदखदून हसल्या. कुंपणापलीकडून गोदूबाई ओरडल्या, "बराबर लिवलंय! आनि पोफळ माझी हाय, त्ये पन लिवा!"

"तुझ्या बापाची पोफळ!"

अबोला असा सुटला.

लेखाच्या शेवटी नवऱ्याच्या आठवणीने आवडाबाईंचे डोळे भरून आले, असे होते. "थांब," त्या म्हणाल्या. "मी न्हाय रडले. चूल फुंकत व्हते, धूर गेला डोल्यांत. त्येंची आठवन आली की मला हसूच येतंय."

हरेश्वरांनी तिथूनच तेरेझाला फोन लावला. ऐकून ती म्हणाली,

"खोडा ते. पुढच्या वेळी मीही अंगणात बसेन."

हरेश्वरांनी आपला लेख नव्याने लिहिला. त्यात मायाळू नाही, पत्ते आहेत. दोन्ही लेख एकाच अंकात छापले. आवडाबाईंनी सहा अंक नेले, त्यांतले दोन गोदूबाईंसाठी. अंकाची किंमत दहा रुपये. साठ रुपये येणे आहे.