आधी नारळ, मग सेव्ह

आता काय सांगू तुम्हाला, माझी साताऱ्याची बदली एका नारळापायी गेली! नारळाला तरी कशाला बोल लावू? तो बिचारा मुकाट्यानं फुटला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी वडूजला पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात, बायको-पोरं साताऱ्यात. ऑफिसात नवा कॉम्प्युटर आलेला. सांगलीचे मोठे साहेब म्हणाले, "गावाच्या पाइपलाइनचा नकाशा यावर बिनचूक करून दाखवा, साताऱ्याची ऑर्डर काढतो."

नकाशा काढून झाला होता, राहिली होती तपासणी. ती म्हणजे नुसता छळ हो! एका पाइपाचं टोक दुसऱ्यापासून केसभर जरी सुटं राहिलं, की सॉफ्टवेअर तिथं लाल टिंब काढायचं. पहिल्याच तपासणीत अख्ख्या गावाला गोवर उठला! इकडचं टोक जोडावं, तर तिकडचा व्हॉल्व्ह सुटा. सासरची माणसंसुद्धा इतक्या चुका काढत नाहीत!

शेजारी आमचा ड्राफ्ट्समन माने. सकाळपासून त्याची भुणभुण, "गड्या, मधनं मधनं सेव्ह करत जा रं. लाइटीचा भरवसा न्हाई."

"यूपीएस आहे ना?"

"ती हेडक्लार्कच्या टेबलफॅनला लावलीया!"

"तरी कच्चं सेव्ह करायचं नाही," मी ठणकावलं. सरकारी नोकरीत मुरलेला माणूस मी. चुकांनी भरलेला नकाशा जतन करायचा? आणि तोही माझ्या हातनं? छे!

दुपार कलली. साहेबांची जीप फाटकात शिरली आणि त्याच वेळी शेवटचं टिंब गेलं. पडदा लखलखीत!

माने ओरडला, "सेव्ह कर आदी!"

"असं कोरडं? शुभकार्य आहे, गड्या!"

नारळ मी पिशवीत आणलेलाच होता. फोडायचा कशावर? टेबलावर कागद दाबायला बिडाच्या पाइपाचा तुकडा होता. 'चांगभलं' म्हणून हाणला की त्याच्यावर! एका दणक्यात दोन भकलं! पाणी टेबलावरनं ओघळलं, ते थेट खालच्या वायरींच्या बोर्डात. फट्! पडदा काळा.

दारात साहेब उभे.

फ्यूज बदलला, मशीन सुरू केलं. पडद्यावर सकाळचा नकाशा, तोच गोवर. मान्यानं घडलं ते सगळं सांगून टाकलं. सांगणारच, तो तरी काय करणार?

साहेबांनी माझ्या हातातलं भकल बघितलं, मग ओला बोर्ड. "दिवसभर बसून गावातल्या एका नळाला पाणी पोचवता आलं नाही तुम्हाला. कॉम्प्युटरला मात्र पोचवलंत."

साताऱ्याची ऑर्डर निघाली. मान्याच्या नावाची!

वर हद्द केली ती आमच्या बायकोनं. म्हणाली, "आवं, एकटा माणूस हाय त्यो. भायेरचं खाऊन आजारी पडंल."

झालं! माने साताऱ्यात माझ्या घरचा डबा खातोय, आणि मी वडूजच्या खानावळीत पातळ आमटी ओरपतोय!