आधी लॉक-इन सांगा, मग पँट

मास्तरांच्या टेलरिंगच्या दुकानात माणूस आत जातो आपल्या मर्जीनं, पण बाहेर पडतो मास्तरांच्या. चाळीस वर्षांचा रिवाज आहे. पडद्यामागं तुम्ही पँट उतरवून द्यायची, कमरेला दुकानाचा टॉवेल गुंडाळून स्टुलावर बसायचं आणि कंबर सैल होईपर्यंत मास्तरांच्या गप्पा ऐकायच्या. पळून जाल म्हणता? जा की, टॉवेलवर!

यंदा मात्र मास्तरांना बोलायचं नव्हतं, शिकायचं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं, "बारीक काम फार तर दोन वर्षं. पुढं चष्म्यानंही भागणार नाही." सुईत दोरा तर आताच ओवता येत नव्हता, तो बायको ओवून द्यायची. टिपा मारमारून जमवलेले नऊ लाख रुपये होते, उरलेलं आयुष्य दोघांनी त्यावरच काढायचं होतं. पोरंबाळं नाहीत. नऊ लाख बुडाले तर हातात काय राहणार, कात्री! आणि तीही नीट दिसणार नाही.

मास्तरांचा धाकटा मेहुणा नुकताच एका गुंतवणुकीच्या कंपनीत एजंट झाला होता. कालपर्यंत हा गडी पंखे दुरुस्त करायचा. आता बगलेत फाइल आणि तोंडात असे शब्द की ऐकणाऱ्याला घाम फुटावा.

"भाऊजी, पाच वर्षांत दामदुप्पट! निश्चित परतावा, जोखीम शून्य. लॉक-इन आहे, पण तरलतेचं काय घेऊन बसलात?"

"मी कुठं काय घेऊन बसलोय?" मास्तर म्हणाले. "मी कॉलर घेऊन बसलोय."

दाराशी खुर्ची टाकून काजं करणारी बायको मान वर न करता म्हणाली, "घाला की हो एकदाचे. घरचा माणूस आहे." आठवड्यात दुसऱ्यांदा म्हणाली.

पण मास्तर पडले हट्टी. माप कळल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, हा त्यांचा नियम, आणि या कापडाचं माप काही कळेना. फॉर्मवरची अक्षरं तर मुंगीच्या पायाएवढी. विचारायचं कुणाला?

देवानं बँकेच्या साहेबांना धाडलं. दुपारच्या सुट्टीत साहेब आले, पोट सुटल्यामुळं पँट आवळत होती. टॉवेल गुंडाळून स्टुलावर बसले. मास्तरांनी पँट मांडीवर घेतली आणि काही उसवायच्या आधीच विचारलं, "साहेब, लॉक-इन म्हणजे काय हो?"

"अहो मास्तर, अडीच वाजता मीटिंग आहे माझी."

"मग लवकर सांगा."

साहेबांनी सुस्कारा सोडला. मग टॉवेल सावरत म्हणाले, "आता बघा. पँट माझी आहे. उसनी नाही, चोरीची नाही, माझीच. पण मला आत्ता पाहिजे तर मिळतेय का? नाही. मुदत संपल्याशिवाय तुम्ही देणार नाही. हा लॉक-इन."

मास्तर खूश. एका बाजूची शिलाई उसवली. "आणि तरलता?"

"गरज पडली की पैसे किती पटकन हातात येतात, ते. माझी तरलता या क्षणाला शून्य आहे."

"आणि दामदुप्पट?"

"वर्षाला किती टक्के पडतात ते काढायचं. ढोबळ हिशेब आहे, बहात्तरला वर्षांनी भागायचं. आमची बँक सात टक्के देते, म्हणजे दुप्पट व्हायला दहा वर्षं. कुणी पाच वर्षांत देतो म्हणाला तर..."

मास्तरांनी कानावरचा खडू काढला आणि समोर जे सपाट दिसलं त्यावर भागाकार मांडला. "साडेचौदाच्या आसपास!"

"झालं तर. मग त्याला विचारायचं, बँकेला जमत नाही ते वरचे साडेसात टक्के तुम्ही आणता कुठून? नीट सांगता आलं नाही, तर जोखीम शून्य नाही. आणि मास्तर, सगळं एका ठिकाणी कधी घालू नका. आता द्या हो पँट!"

मास्तरांनी भराभर टिपा मारल्या, साहेबांनी पँट चढवली आणि धूम ठोकली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतंय तोच हजर, लालबुंद होऊन.

"मास्तर! काल दुपारपासून माझ्या पाठीमागून लोक हसत होते. संध्याकाळी शिपायानं सांगितलं. माझ्या बुडावर बहात्तर भागिले पाच!"

मास्तरांनी जीभ चावली. साहेब मात्र स्टुलावर टेकले आणि स्वतःच हसायला लागले. "तीन गिऱ्हाइकांनी तर गणित बरोबर आहे का विचारलं. बरोबर आहे म्हणालो, दुसरं काय म्हणणार?"

मास्तरांनी ब्रशनं पँट झाडून दिली आणि शिलाईचा एक पैसा घेतला नाही.

त्याच आठवड्यात मेहुणा कोटाच्या ट्रायलला आला. कंपनीच्या मेळाव्यात त्याला स्टेजवर बोलावणार होते, म्हणून कोट. एक बाही लावलेली, दुसरी नाही, खांद्यापासून कमरेपर्यंत टाचण्या.

"हलू नको, टोचेल," मास्तर म्हणाले. "आता सांग. बहात्तर भागिले पाच?"

"हे काय मध्येच?"

"साडेचौदा टक्के होतात. बँक देते सात. वरचे साडेसात तुझी कंपनी कुठून आणते?"

"भाऊजी, ते मार्केट असतं, त्यात फंड असतो, तो असा फिरतो..." हात फिरवायला गेला आणि बगलेत टाचणी बसली. "आई गं!"

"फिरू दे. पण आणतो कुठून?"

मास्तरांना खरं तर मजा येत होती. पण त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि मजा ओसरली. डोळे अधू असले तरी एवढं दिसत होतं.

"मला नाही माहीत, भाऊजी," तो हळूच म्हणाला. "शिकवलं तसं बोलतो. माझे स्वतःचे दोन लाख त्यातच आहेत. महिनाभर कंपनीच्या साहेबाला विचारतोय, तो फोन उचलत नाही. म्हटलं, तुमचे नऊ लाख आले की मोठा एजंट होईन, मग तरी उचलेल."

"गाढवा! आणि माझं काय झालं असतं?"

उत्तर दारातून आलं. "त्याला ओरडू नका. माझेही साठ हजार आहेत त्यात."

मास्तर वळले. बायकोच्या हातातलं काज अर्धवट राहिलं होतं. साठ हजार! एकेका काजाचे दोन रुपये, बाराबारा वर्षं कुठल्या डब्यात लपवले होते कुणास ठाऊक.

"कधी घातलेस?"

"डॉक्टरकडून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी." तिला रडू आवरेना. "दुप्पट झाले की तुम्हाला सांगणार होते. म्हणणार होते, आता मशीन झाका, डोळे मिटून निवांत बसा."

मास्तरांना राग आला होता, पण तो नेमका कुणावर काढावा हे कळेना. टाचण्यांनी भरलेला मेहुणा मध्ये उभा, बसताही येईना त्याला. शेवटी मास्तरांनी खडू घेतला आणि कटिंगच्या टेबलावर दोन आकडे लिहिले. नऊ लाख, साठ हजार.

"हे बघ. हे नऊ बँकेत जातील, सगळे एका ठिकाणी नाही, तुकडे पाडून. हे तुझे साठ गेले तर गेले, आपण उपाशी मरत नाही. आणि तू," ते मेहुण्याला म्हणाले, "उद्या सकाळी कागद घेऊन ये. बँकेच्या साहेबांना दाखवू. पंख्याचं सामान विकलं तर नाहीस ना?"

"आहे घरी."

"ठेव मग. आणि कोटाची शिलाई पूर्ण घेईन, घरचा म्हणून सूट नाही."

कोट उतरवून तो गेला. बायकोनं अर्धवट राहिलेलं काज बाजूला ठेवलं.

"अहो, ते लॉक-इन म्हणजे नेमकं काय असतं?"

"तू सही केलीस ना त्यावर?"

"त्यानं बोट ठेवलं तिथं केली."

मास्तरांनी तिला साहेबांची गोष्ट सांगितली. टॉवेल, स्टूल, बुडावरचा भागाकार, सगळी. ती रडता रडता हसली, मग पुन्हा गंभीर झाली. "म्हणजे पाच वर्षांनी तरी माझी पँट मला मिळेल?"

"खरं सांगू? माहीत नाही."

तिनं डोळे पुसले, कोटाची राहिलेली बाही स्वतःच्या मांडीवर ओढली आणि हात पुढं केला. "आणा ती सुई इकडं. आजपासून बारीक काम मी करते, तुम्ही नुसतं माप सांगा."

मास्तरांनी सुई दिली, आणि स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले.