वरातीच्या गाण्यातली गप्प जागा

जगातल्या प्रत्येक गाण्यामागची गोष्ट आमच्या क्लॅरिनेटवाल्या काकांना ठाऊक असते, आणि तिच्यातलं एक अक्षरही खरं नसतं. वेंगुर्ल्याला आमच्या वाडीत त्यांचं घर आमच्या कुंपणाला लागून. जन्मभर त्यांनी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवली आणि उरलेल्या वेळात थापा मारल्या. एकदा मालवणच्या एसटीत ड्रायव्हरने एक जुनं रडकं गाणं लावलं होतं. काका उठून उभे राहिले. "ह्यातलो हुंदको दुःखाचो न्हय हां. गाणाऱ्याच्या घशात पेडव्या माशाचो काटो अडकललो. आता येतलो, आयका." अख्खी एसटी कान टवकारून काट्याची वाट बघत बसली. त्या नादात एक मासेवाली आपल्या थांब्याच्या दोन मैल पुढे गेली, आणि मग तिने काकांना जे ऐकवलं त्याला कुणालाच चाल लावता आली नसती.

पण एक गाणं काकांचं स्वतःचं. वरातीत 'होडीची चाल' म्हणून वाजते ती त्यांनीच बांधली, हे वाडीबाहेर फारसं कुणाला माहीत नाही. एका वरातीत कुणीतरी ती मोबाइलवर टिपली, आणि आज पार फोंडाघाटापर्यंत प्रत्येक बँड ती वाजवतो. गंमत म्हणजे ऐन रंगात बँड एकदम गप्प होतो. नाचणारे हात वर करून तसेच उभे, आणि मग पुन्हा धडाक्यात सुरू. लोक जीव टाकतात त्या गप्प जागेवर. काकांना विचारलं तर म्हणत, "पान थुकूक थांबललंय रे. लोकांका वाटला, गाण्यातच आसा." हा किस्सा सांगून मी किती जणांना हसवलंय, विचारू नका.

परवा धाकट्या भावाच्या लग्नात मी पाहुण्यांपुढे तोच रंगवत होतो. आईने मला बाजूला बोलावलं. "तेंनी जल्मात कधी पान खाऊक नाय," ती म्हणाली. "तुझे बाबा जावन चार दिस झालले. वरात रस्त्यान येय होती. आपल्या दारासमोर तेंनी क्लॅरिनेट खाली घेतल्यानी, आख्खो बँड गप, ता थेट बावीपर्यंत. ताच कोणीतरी मोबायलार टिपल्यान. नवऱ्याकडचे तेंका नको नको ता बोलले."

मी तेव्हा सातवीत होतो. बाजा जवळ येत होता, एवढंच मला आठवतं; दारापासून विहिरीपर्यंत तो गप्प होता, हे नाही. काका ख्रिस्ती, सुतक त्यांच्या घरात पाळत नाहीत, आमच्यासाठी पाळलं. आणि इतकी वर्षं मी त्यांच्या उपकारावर लोकांना हसवत होतो. फार लाज वाटली.

संध्याकाळी भावाची वरात दाराशी आली. दात गेल्यापासून काका वाजवत नाहीत. फाटकाजवळ खुर्ची टाकून बसले होते. मी त्यांच्या पाया पडलो. "काका, त्या दिवशी बाबांसाठी तुम्ही..."

"गप रे," ते म्हणाले. "आता थांबतले."

बँड थांबला. सगळे हात वर करून उभे राहिले. काकांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. ओसरीवरून आई त्यांच्याकडे बघत होती.

बाजा पुन्हा सुरू झाल्यावर त्यांनी टोपी घातली आणि म्हणाले, "बघलंस? पान थुकूक बरोबर इतकोच वेळ लागता."

"लागता, काका," मी म्हटलं.