चौऱ्याहत्तर नंबरचा दगड

आमच्या शेजारच्या मावशींच्या हाती जगाचा कारभार दिला असता, तर जगातली एकही वस्तू जागची हलली नसती. अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावात लोक तीन वर्षांत घर, गाडी आणि नोकरी बदलून मोकळे होतात. मावशी फ्रीजरमधला डबासुद्धा फोटो काढल्याशिवाय हलवू देत नसत. "कुठल्या थरात सापडला, लिहिलंस का?" असं त्यांनी मला एकदा दरडावून विचारलं होतं. मी फक्त मटार काढत होतो.

हा सगळा झिंबाब्वेचा परिणाम. काकांच्या नोकरीपायी मावशी उमेदीची वीस वर्षं तिथे मस्विंगो गावात राहिल्या, शाळेत शिकवत होत्या. गावाबाहेर ग्रेट झिंबाब्वेचे अवशेष आहेत. चुना नाही, माती नाही, नुसते दगडावर दगड रचलेल्या भिंती शेकडो वर्षं उभ्या आहेत. मावशी दर रविवारी तिथे जात आणि भिंतीवर बसून फोटो काढणाऱ्या पाहुण्यांना वर्गातल्या आवाजात खाली उतरवत. हे तिथल्याच लोकांच्या पूर्वजांनी बांधलं, एवढं कबूल करायला गोऱ्या साहेबांनी किती वर्षं लावली, हे सांगताना तर त्यांचा आवाज असा चढे की पॉटलकच्या जेवणात पुलाव वाढणारे हात थांबत.

काका गेल्यावर मावशी इथे कॅरीला मुलाकडे आल्या आणि मागच्या अंगणात तशीच भिंत रचायला बसल्या. कुणी सिमेंटचं नाव काढलं की म्हणत, "सिमेंट म्हणजे दगडाला दिलेली लाच. दगड आपणहून बसला पाहिजे." माझ्या मुलीने विचारलं, "आजी, कॅन आय क्लाइंब?" त्यावर उत्तर आलं, "स्वतः बांध, मग स्वतःच्या भिंतीवर चढ." कॉलनीच्या कमिटीचा माणूस भिंत पाडायची नोटीस घेऊन आला, तेव्हा मावशींनी त्याला चकली दिली आणि पाऊण तास इतिहास ऐकवला. जाताना तो बिचारा एक दगड नीट बसवून गेला.

कमिटीला जमलं नाही, ते मुलाच्या बदलीने केलं. दुसऱ्या राज्यात, अल्फारेटाला जायचं ठरलं, घर विकलं, आणि घेणाऱ्याला भिंतीच्या जागी ट्रॅम्पोलिन हवं होतं. मुलगा म्हणाला, "आई, इट्स जस्ट रॉक्स यार! तिकडे नवीन ऑर्डर करू." मावशी दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी खडू घेऊन माझ्या दारात हजर.

"मस्विंगोला भिंत ढासळली की आधी फोटो, मग दगडांना नंबर, मग उतरवणं. चल, ऊठ."

आम्ही एकशे ब्याण्णव दगडांवर नंबर घातले. शेवटी मुलगाही बाह्या सरसावून आला. ट्रकमध्ये सोफ्याला जागा उरली नाही, म्हणून सोफा सध्या आमच्याकडे आहे.

गेल्या आठवड्यात मावशींचा फोन आला. "भिंत उभी राहिली रे. फक्त चौऱ्याहत्तर नंबर सापडत नाही."

"रस्त्यात पडला असेल, मावशी," मी माझ्या खिडकीतल्या दगडाकडे बघत म्हणालो.

"त्याची जागा मी रिकामी ठेवलीय. दुसरा बसवणार नाही. आणि त्या चोराला म्हणावं, नंबर पुसू नकोस. मी येतेय शोधायला."

मावशींशिवाय शेजार ओका वाटतो, खोटं कशाला बोलू? दगड अजून खिडकीतच आहे. परवा मुलीने धूळ झटकायला उचलला, तर मीच ओरडलो, "अगं, आधी फोटो काढ!"