तीन पाइप आणि एक भोक

देवगाव फाट्यावर मिस्त्री चार, पण गिऱ्हाइकाचं डोकं खाणारा एकच: धम्मानंद. गाडीतलं काहीही बदललं की याचा प्रश्न ठरलेला, "पण हे खराब झालं कामून?" काढलेला भाग भंगारात देईल तर शपथ! दुकानातल्या तारेवर टांगणार, वर तारखेची चिठ्ठी बांधणार. फाट्यावरचे लोक त्या तारेला 'आरोपींची दावण' म्हणतात. म्हणू द्या.

त्या सकाळी रोहिणीची जुनी पिकअप रांगत रांगत दुकानात आली.

"मामा, ब्रेक पुन्हा गेला," ती उतरत म्हणाली. येलदरीच्या उतारावर ब्रेकचं पायडल पार तळाला गेलं, तेव्हा हँडब्रेक ओढून, गाडी बांधाला घासून तिनं थांबवली होती. गाडीतले मासे दुसऱ्या टेम्पोनं सेलूच्या बाजाराला धाडले होते.

नवऱ्याची कंबर धरल्यापासून गाडी तीच चालवते. दीर रंगनाथला ते पहिल्यापासून खुपतं. दोन वर्षांत मागच्या चाकांकडं जाणारा ब्रेकचा पाइप गंजून फुटायची ही तिसरी खेप. आणि मागच्या खेपेला, रंगनाथच्या देखत, धम्मानंदच बोलून गेला होता, "लय जोरात दाबतीस तू." तेवढं त्या गड्याला पुरलं. आज दुपारी तो चावी न्यायला येणार होता, कायमची.

धम्मानंद पोतं अंथरून गाडीखाली शिरला. फुटका पाइप काढला. मग काय डोक्यात आलं कोण जाणे, बाहेर येऊन तारेवरचे आधीचे दोन पाइपही उतरवले आणि तिन्ही शेजारी शेजारी ठेवले. अरेच्चा! तिन्ही एकाच जागी सडलेले. बाकी पाइप धडका, आणि वीतभर जागा पार खाल्लेली.

"पाय जोराचा असता तर तेवढीच जागा कामून सडली असती?" तो पुटपुटला.

तो परत खाली शिरला. त्याच जागेवर वरून थेंब पडत होता. हौद्यात उरलेला बर्फ वितळत होता ना! त्यानं थेंब बोटावर घेतला, जिभेला लावला. खारट!

"बर्फात मीठ टाकतीस का गं?"

"जाडं मीठ टाकतो की आमी. बर्फ लय थंड राहतो, मासा सेलूपर्यंत ताजा दिसतो."

मीठ कळलं. पण पाणी नेमकं इथंच कामून? त्यानं मान वर केली. हौद्याच्या पत्र्याला भोक होतं. गोल, नेटकं, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. अशी कडा घासणारा फाट्यावर एकच माणूस होता. दोन वर्षांपूर्वी रोहिणी म्हणाली होती की पाणी साचून वास मारतो. यानंच ड्रिल लावलं होतं, आणि खाली काय आहे ते वाकून बघितलंच नव्हतं. धम्मानंदला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साऱ्या दुनियेला कामून विचारणारा माणूस, आणि बोल लावला पोरीच्या पायाला!

त्यानं भोकाला रबरी नळी बसवून पाणी पार मागं काढून दिलं. नवा पाइप दुसऱ्या बाजूनं फिरवून घातला. ब्रेकमधली हवा काढायला रोहिणीच पायडल मारत बसली. "दाब. सोड. दाब. अजून जोरात दाब!" तो खालून ओरडत होता.

तेवढ्यात रंगनाथ आलाच. "वहिनी, चावी द्या."

धम्मानंद तेलकट हातांनीच पुढं आला. चहाच्या टपरीवरची माणसंही बघायला लागली.

"रंगनाथराव, चूक हिची न्हाई. माझी हाय. हे भोक मी पाडलं, खारं पाणी पाइपावर पडलं. ही पोरगी गाडी बांधाला लावून जिती आली, ते हिच्या हुशारीनं." आणि तिन्ही सडके पाइप त्याच्या हातात दिले.

रंगनाथनं पाइप उलटेपालटे केले. खाली वाकून भोकही बघितलं. "असं हाय व्हय," म्हणाला, पाइप परत दिले आणि टपरीकडं वळला.

"मामा, हे मागल्या खेपेला बघायचं होतं," रोहिणी म्हणाली.

"व्हय बाई. बघायचं होतं."

ती गाडी घेऊन गेली. वळणावर ब्रेक दाबून तिनं मुद्दाम एकदा थांबवून बघितली. धम्मानंदनं तिन्ही पाइप तारेवर टांगले, ड्रिलचा बिट सोडवून त्यांच्या शेजारी अडकवला, आणि चिठ्ठीवर स्वतःचं नाव लिहिलं.