सात नंबरचा डबा

ते प्रकरण अजून डोक्यातून गेलेलं नाही. खून नाही, दरोडा नाही. पेपरात दोन ओळीही आल्या नसत्या. पण सगळ्या नोकरीत मोठ्या साहेबांना तोंडावर नाही म्हटलं ते ह्या एकाच प्रकरणात, आणि परत वेळ आली तर परत म्हणेन. नावं कोणाची लिहीत नाही. ज्यांची आहेत त्यांना कळेल.

मी सातवी पास. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार म्हणून सुटलो. उल्हासनगरच्या ठाण्यात शेवटची वर्षं अर्ज चौकशी माझ्याकडे होती. ज्या तक्रारीवर लगेच गुन्हा दाखल होत नाही, ती आधी माझ्या टेबलावर यायची. पाण्याची मोटर, जिन्यातल्या चपला, सून सासूविरुद्ध, सासू सुनेविरुद्ध. असल्या कामाला तरुण पोरं कंटाळतात. मला आवडायचं.

एका सकाळी चाळिशीतला एक व्यापारी पुठ्ठ्याचा डबा घेऊन आला. डब्यावर सातचा आकडा छापलेला. म्हणाला, ह्यातलं पुस्तक चोरीला गेलं. मी विचारलं, कधी गेलं? म्हणाला, माहीत नाही. गेल्या तीन वर्षांत कधीतरी.

मी पेन खाली ठेवलं.

मग त्याने समजावलं. एक खेळ असतो. चारपाच माणसं टेबलाभोवती बसतात. एकजण पुस्तकातून गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली माणसं होतात. कोणी शिपाई, कोणी वैद्य, कोणी चोर. पुढे काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं, आणि जमलं की फसलं ते फासे टाकून बघायचं. अशा गोष्टींची पुस्तकं निघतात. त्यातली काही खास. हौशी लोक लिहिणाऱ्याला आधी पैसे देतात, मग त्यांच्यापुरत्याच प्रती छापतात. ह्या पुस्तकाच्या चाळीस. प्रत्येकीवर नंबर, पैसे देणाऱ्यांची नावं आत, आणि पुन्हा छापणार नाही असा लेखी शब्द.

मी विचारलं, गोष्ट कशी आहे? तो म्हणाला, वाचली नाही. डब्याची कागदी पट्टी फाडली की किंमत पडते. तो डबा काचेच्या कपाटात ठेवायचा, अधूनमधून हातात घेऊन वजन बघायचा आणि परत ठेवायचा. असली पुस्तकं जमवणारा दुसरा एकजण विकत घ्यायला आला, त्याच्यासमोर पट्टी काढली, तर आत खाकी कागदाचं पुडकं, आणि पुडक्यात कापडाचे नमुने.

संशय कोणावर, तर घरी झाडूपोछा करणाऱ्या बाईवर. जांभूळहून यायची. त्याच इमारतीत चार घरं करायची. चौकशीला बोलावलं तेव्हा खुर्चीवर बसेना, भिंतीला टेकून उभी राहिली.

"साहेब, मी त्या कपाटाला बाहेरून फडकं मारते. आत काय हाय ते मला काय ठावं. तुमी मला आत घेतली तर चारी घरं गेली माझी. मग चोर नसले तरी चोरच की."

खरं बोलली. एकदा ठाण्याची पायरी चढवली की चारी दारं बंद, मग कोर्ट काहीही म्हणो. तिच्या घरात कमावणारी ती एकटी. मी तिचा जबाब घेतला आणि घरी पाठवलं.

संध्याकाळी मोठ्या साहेबांनी बोलावलं. फिर्यादीचं वजन होतं, वरून फोन आला होता. साहेब म्हणाले, बाईवर गुन्हा दाखल करा, एक रात्र आत ठेवा, पुस्तक बाहेर येतं की नाही बघा. मी म्हणालो, चोरी कधी झाली ते फिर्यादीला माहीत नाही, बाईच्या घरच्या झडतीत काही मिळालं नाही, कपाटाची किल्ली त्याच्याच घरात. कशावर दाखल करू?

"फौजदार, रिटायरमेंटला किती राहिलं तुमच्या?"

मी म्हणालो, आहे तेवढं पुरेल साहेब, बाईला मी आत घेणार नाही. साहेबांनी चष्मा काढला आणि आठ दिवस दिले.

आता त्या पुडक्याकडे नीट बघितलं. माणूस खोटं बोलतो, पण हाताची सवय खोटं बोलत नाही. कागदाला कुठे चिकटपट्टी नाही. कोपरे आत दुमडून खोचलेले, वर सुतळी दोनदा फिरवलेली, आणि सुतळीचं टोक कात्रीने कापलेलं नाही. पिळून तोडलेलं, त्याचे धागे सुटलेले. हे मी शंभरदा बघितलंय. माझी बायको ब्लाऊजचं कापड इथल्या कॅम्पातल्या जुन्या दुकानांतूनच घ्यायची, आणि तिथले म्हातारे दुकानदार असंच बांधून द्यायचे. सुतळी बोटाला गुंडाळायची, झटका द्यायचा, तुटली. मी घरी येऊन तसं करायला गेलो तर बोट कापलं. ती तोंडाला पदर लावून हसली होती.

पोछावाल्या बाईच्या हाताची ही गाठ नव्हती. फिर्यादीच्याही नव्हती, तो मोबाईलच्या कव्हरचा धंदा करणारा, त्याला बुटाची नाडी तरी नीट बांधता येत असेल का शंका. पण कापडाचे म्हातारे उल्हासनगरात शेकडो. मी सुतळी पाकिटात घालून ठेवली.

तीन दिवसांनी अंबरनाथहून खबर आली. झेरॉक्सवाला माझा जुना माणूस. फोनवर घाबराघुबरा. म्हणाला, साहेब, एक म्हातारा दर गुरुवारी येतो, भुयाराचे नकाशे मोठे करून नेतो. पहारेकरी कुठे, कुलूप कुठे, सगळं लिहिलेलं. पुस्तक माझ्या हातात देत नाही, पानं स्वतः उलटतो. बँक फोडायचा प्लॅन आहे, लिहून घ्या.

गुरुवारी दुपारी साध्या कपड्यांत त्याच्या दुकानात बसलो. म्हातारा आला. पांढरा सदरा, पायात कॅनव्हासचे बूट, वय पंचाहत्तरच्या पुढे. नकाशे घेतले, खाकी कागदात ठेवले, कोपरे दुमडून खोचले. खिशातून सुतळी काढली. दोन वेढे, बोटाला पीळ, झटका.

मी तिथे त्याला अडवलं नाही. त्याच्यामागे बदलापूरला गेलो. तिथल्या कुळगावात एका तळमजल्याच्या खोलीत तो शिरला. दार उघडंच होतं, मीही शिरलो. आत एक नर्स, एक रिक्षावाला आणि कारखान्यातून निवृत्त झालेले एक साहेब. मध्ये नकाशे, फासे, वेफर्सचा पुडा. मी ओळखपत्र दाखवलं. रिक्षावाला उठून उभा राहिला. म्हातारा बसूनच होता. सिंधी वळणाने म्हणाला, "साईं, दोन मिनिटं. हा दरवाजावर अडकलाय, ह्याला आत जाऊ दे."

मी दोन मिनिटं दिली. खरं सांगतो, वीस झाली. रिक्षावाला दरवाजा फोडणार होता, नर्स म्हणत होती आधी ठोठावून बघ, आतून कोणी उघडेल. त्याने ठोठावलं. म्हाताऱ्याने आतल्या बाईचा आवाज काढून विचारलं, कोण आहे, इतक्या वर्षांनी? मी ओळखपत्र खिशात घातलं.

मग बाहेर ओट्यावर जबाब घेतला. तो फिर्यादीचा बाप. त्याचं कापडाचं दुकान मुलाने बंद केलेलं, बायको जाऊन पाच वर्षं झालेली, घरात दिवसभर बोलायला कोणी नाही. गुडघ्याच्या दवाखान्यात ह्या नर्सची ओळख झाली, तिने खेळाचं सांगितलं. त्याला आठवलं, असलं पुस्तक तर आपल्या कपाटात आहे. वाफेवर पट्टी सोडवली, पुस्तक काढलं, कापड भरलं, पट्टी परत चिकटवली.

"वजन बरोबर कसं आलं?" मी विचारलं.

"तराजूवर तोललं. कमी तोलायची सवय नाही मला."

मुलाला विचारायचं होतं, मी म्हणालो. तो म्हणाला, विचारलं होतं. मुलगा म्हणाला, डॅडी, ती वाचायची वस्तू नाही.

"हिंदीत लिहिलीय, साईं. एक शहर आहे, लोक सोडून गेलेले, आणि आता परत चाललेत. आमचंही एक सुटलं, फाळणीत, मी कडेवर होतो तेव्हा. लिहिणाऱ्याने काय कपाटासाठी लिहिली ही?"

मी कामाचं बोललो. तुमच्या पोछावाल्या बाईवर चोरीचा आळ आहे. परवा तिला आत घेतील.

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. त्याला वाटलं होतं डबा कोणी कधी उघडणारच नाही. चोरीची चौकशी चाललीय हे त्याला घरात कोणी सांगितलंच नव्हतं. तो आत गेला, पुस्तक बांधलं आणि म्हणाला, चला. गुडघ्यामुळे ठाण्याचा जिना चढताना दोनदा थांबला, पण माझा हात धरला नाही.

ठाण्यात मुलाने आधी पुस्तक बघितलं. पानांचे कोपरे मळलेले, एका नकाशावर चहाचा डाग. बापाकडे नंतर बघितलं. म्हणाला, डॅडी, वाट लावलीत. मग मला म्हणाला, घरचाच मामला आहे, अर्ज मागे घेतो.

मी म्हणालो, थांबा. अर्ज घेऊन येताना तुम्ही बाईचं नाव लिहून आलात. जाताना तिचं नाव लिहूनच जायचं. बाई निर्दोष आहे, आळ खोटा होता, असं स्वतःच्या हाताने लिहा, आणि त्याची प्रत इमारतीच्या खाली फलकावर लावा. तो म्हणाला, असा कुठे नियम आहे? मी म्हणालो, नाही. मोठे साहेब दारात उभे होते. म्हाताऱ्याने मुलापुढे पेन सरकवलं.

त्याने लिहिलं. फलकावर मी स्वतः जाऊन बघितलं. बाईची चारी घरं राहिली. पुस्तक मुलाने बापाला देऊन टाकलं. आता ते त्याच्या कामाचं नव्हतं.

त्या दिवशी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती खूप हसली, म्हणाली, बघा मेला, वाचायची वस्तू कपाटात. मी तिच्या मागच्या शोकेसकडे बोट दाखवलं. तिथे सोनेरी काठाचे सहा कप होते, आमच्या लग्नातले. कधी वापरले नाहीत. ती म्हणाली, त्याचं वेगळं, मोठे पाहुणे येतील तेव्हा काढू.

मोठे पाहुणे आले नाहीत. ती गेल्या वर्षी गेली. दिवसकार्याला लोक आले, त्यांना कागदाच्या कपात चहा दिला, कारण शोकेसला हात लावायची कोणाची हिंमत नव्हती. माझीही नाही.

ह्या प्रकरणाने काय शिकवलं असं लोक विचारतात. मी उशिरा शिकलो, एवढंच. तेराव्या दिवशी मी शोकेस उघडलं. सून म्हणाली, बाबा, राहू द्या, आईंची आठवण आहे. मी तिला सांगितलं, तुझ्या सासूने ह्यातून एक घोट घेतला नाही, ही कसली आठवण. आता रोज सकाळी त्यातच चहा पितो. भांडी मीच घासतो, दोन कप फुटले. उरलेले चारही फुटले तरी चालतील. कोणी आलं तर त्याच कपात चहा मिळेल, मग तो साहेब असो की दूधवाला.