कापडाची कुळकथा

माझ्या बायकोच्या आत्याबाईंच्या नजरेतून सुटलेलं एकही जुनं धोतर सबंध चाकूर तालुक्यात सापडणार नाही. माणूस भेटला की चारचौघं त्याच्या तोंडाकडे बघतात. आत्याबाई आधी त्याच्या अंगावरचं कापड बघत, जमलं तर चिमटीत धरून चोळत, आणि मग तोंडाकडे वळत. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांच्या पाया पडायला गेलो, तेव्हा अंगात सासऱ्यांनी हौसेनं शिवून घेतलेला टेरलीनचा सदरा होता. मी वाकलो. आशीर्वाद द्यायच्या आधी त्यांनी माझी बाही धरली, दोन बोटांत चुरगाळली आणि खिन्नपणे सोडून दिली. "जावायबापू चांगले हायत," त्या आमच्या हिला म्हणाल्या, "पर कापड काय कामाचं न्हाई. सुई सरकती यावरून." माणूस बरा, पण वाकळीत जायच्या लायकीचा नाही, हे माझं मोजमाप पुढे कितीतरी वर्षं बदललं नाही.

आमच्याकडे वाकळ, म्हणजे गोधडी, शिवणाऱ्या बायका घरोघरी आहेत. जुनं लुगडं खाली, जुनं धोतर वर, मधे मिळेल ते, आणि कडेकडेनं टाके घालत आत यायचं. त्यात विशेष काही नाही. आत्याबाईंचं विशेष असं की त्या कुळकथेशिवाय कापड घेत नसत. कोणाचं, कधीचं, कुठल्या कार्यात नेसलं, फाटलं ते कशानं, एवढं सगळं सांगावं लागे. आणि सांगणाऱ्याला वाटे, यापेक्षा सात-बारा काढून आणणं सोपं. एकदा त्यांच्या नात्यातल्या एक बाई इरकली लुगडं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, नेसून नेसून जुनं झालं, आता तुम्हीच काय ते करा. आत्याबाईंनी लुगडं उलगडलं. घडीच्या रेघा अजून तशाच होत्या. त्यांनी कुळकथा विचारून चहा टाकला, चहा झाल्यावर पुन्हा विचारलं, जेवण झाल्यावर तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा त्या बाई रडायलाच लागल्या. लेकीच्या सासरकडून मानपानात आलेलं ते लुगडं त्यांना अपमानासारखं झोंबलं होतं, आणि बारा वर्षं ते ट्रंकेच्या तळाशी पडून होतं. मग असं सांगा की, म्हणून आत्याबाईंनी ते वाकळीच्या बरोबर मधे घातलं. "रागाचं कापड मधी घालावं," त्या म्हणाल्या. "भवताल दुसरी बसली की निवतं ते."

पाहुणा मुक्कामाला आला की त्याला कोणती वाकळ द्यायची, हे त्या वैद्यानं पुडी बांधावी तसं ठरवत. खोकल्याला एक, नव्या सुनेला एक, तालमीतल्या पोरांना एक. मी खात्याच्या परीक्षेला बसलो, त्या वर्षी त्यांनी मला गावातल्या जुन्या मास्तरांच्या कोटाचा तुकडा असलेली वाकळ मुद्दाम लातूरला, माझ्या नोकरीच्या गावी पाठवली. मी ती पांघरून अभ्यास केला, पांघरून झोपलो आणि नापास झालो. हिनं तसं कळवलं, तर पुढच्या भेटीत त्यांनी जराही न ओशाळता सांगितलं की मास्तर स्वतः दोनदा नापास झाले होते, तेवढं ध्यानात राहिलं नाही.

या सगळ्याची खरी झळ बसली ती त्यांच्या यजमानांना. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. मामांचं चाकुरात किराण्याचं लहान दुकान होतं. माणूस अबोल, कपाळाला भस्म लावून सकाळी गादीवर बसला की दिवे लागेपर्यंत उठायचा नाही. त्यांची धोतरं म्हातारी व्हायच्या आतच वाकळीत जात. म्हणून ते एक चांगलं धोतर दुकानात तुरीच्या पोत्यामागे लपवून ठेवत, आणि आत्याबाईंना ते ठिकाण माहीत आहे हे मामांनाही माहीत होतं. "जिवंत हाय तवर अंगावरचं तेवढं राहू दे," एवढंच एक वाक्य मी त्यांना बायकोशी बोलताना ऐकलंय.

पण आत्याबाईंच्या या वेडानं मामांना एकदा फार मोठा आधार दिला होता. मी तेव्हा या घरात आलो नव्हतो; आमची ही परकरात होती. बहात्तरचा दुष्काळ. मामांच्या दुकानात विकायला माल उरला नाही आणि घ्यायला गिऱ्हाईक उरलं नाही. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाण्यावाचून गती नव्हती. मामांना दम्यानं धरलेलं. म्हणजे जाणार त्या आत्याबाईच. आपल्या घरातली बाई मुकादमापुढे उभी राहणार, हे मामांना सोसेना. ते दोन दिवस भिंतीकडे तोंड करून बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई अंगणात आल्या आणि गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी शेजारणीला सांगितलं की कामावर साऱ्या मुलखाच्या बाया जमून राहिल्यात, एवढ्या तऱ्हेच्या चिंध्या एका जागी पुन्हा मिळायच्या नाहीत, म्हणून आपण चाललो. गल्ली हसली आणि तिनं विश्वास ठेवला. दुसऱ्या कोणावर ठेवला नसता. चिंध्यांच्या नावाखाली त्यांनी सबंध उन्हाळा खडी फोडली, आणि मामांना चारचौघांत डोकं हलवून म्हणता आलं की काय करावं, हिला नादच तसला.

आता चिंध्या गोळा करायला गेलेल्या बाईनं चिंध्या आणल्या पाहिजेत. पण त्या साली कोणाच्या अंगावर द्यायजोगं काय होतं? लुगड्यांना गाठीवर गाठी. तरी बायांनी दिलं. एकीनं पदराचं टोक दिलं, एकीनं चोळीची बाही, एकीनं मेलेल्या लेकराचं अंगडं दिलं आणि त्याची कुळकथा सांगितली नाही. आत्याबाईंनी विचारली नाही. दुपारच्या सुट्टीत त्या शिवत. हजेरीत शिवणकाम लिहिलेलं नाही, असं मुकादमानं हटकलं, तर त्यांनी त्याच्या फेट्याची चौकशी सुरू केली. फेटा लग्नातला होता. बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती, आणि तिकडे पाण्याचे काय हाल आहेत ते कळत नव्हतं. हे सांगता सांगता मुकादम खडीवर बसला आणि उठला तो अर्ध्या फेट्यानिशी. ती वाकळ पुरी झाली तेव्हा बाभळीखाली निजवलेल्या तान्ह्या लेकरांच्या अंगाखाली आडवी अंथरली जाऊ लागली. नाहीतर त्यांच्या खाली खडीच होती.

वाकळीची शेवटची बाजू शिवून बंद करण्याआधी आत्याबाई आत भाकरीचा एक तुकडा ठेवत. वाकळीचं पोट उपाशी ठेवू नये, नाहीतर पांघरणाऱ्याला खायला उठते, असं त्यांचं म्हणणं. कामावर भाकर कुठली? सरकारी सुकडी मिळे, ती मोजून. त्यांनी त्यातला घास आत ठेवला आणि टाका घातला. हे मला त्यांनी पुष्कळ वर्षांनी हसत हसत सांगितलं, आणि मग म्हणाल्या, "तेवढा एक घास मात्र लई जड गेला, जावायबापू. भूक लागली होती मला."

पुढे लातूर वेगळा जिल्हा झाला. मी तेव्हा एका सरकारी खात्यात कारकून होतो. खात्याचं नाव सांगत नाही, ते अजून आहे. नवं कार्यालय भाड्याच्या घरात थाटलं होतं. कपाटं आली नव्हती, जुन्या जिल्ह्यातून ट्रकनं आलेलं दप्तर लाल कापडांच्या बस्त्यांत बांधलेलं छतापर्यंत रचलं होतं. अशात एक दिवस आत्याबाई एसटीनं जिल्हा बघायला आल्या. मी त्यांना कार्यालय दाखवलं. जिल्हा झाला म्हणतात पण दिसत तर काहीच नाही, असं म्हणून त्या निराश झाल्या. आणि मग त्यांना बस्ते दिसले. त्यांना खुर्चीवर बसवून मी चहा सांगायला गेलो, एवढंच माझं चुकलं. परत येतो तर एका बस्त्याची गाठ सुटलेली, कापड आत्याबाईंच्या मांडीवर, आणि चाकूरकडच्या गावांचे कागद पंख्याच्या वाऱ्यावर साऱ्या खोलीत उडताहेत. दारात आमचे अव्वल कारकून उभे होते. जुन्या जिल्ह्यातून एकटेच आलेले, कडक गृहस्थ. "फाईल आणा" आणि "फाईल ठेवा" याखेरीज तिसरं वाक्य त्यांच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. माझी नोकरी गेली असं मी मनात धरून चाललो.

आत्याबाईंनी मान वर करून विचारलं, "साहेब, हा बस्ता कोणी बांधला हो? गाठ लेकराच्या कुंचीला मारतेत तशी होती."

साहेबांनी त्यांच्या मांडीवरच्या कापडाकडे बघितलं. मग म्हणाले, "मीच बांधलाय."

"शिकवली कोणी?"

"घरातून."

आणि ते खाली बसले. मी कागद वेचत होतो आणि ऐकत होतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांचे बस्ते वाटेत सुटायचे, वरचे साहेब ओरडायचे. घरी बायकोनं उशीवर धडा देऊन ही गाठ शिकवली, आणि तेव्हापासून एकही बस्ता सुटला नाही. दोन वर्षांपूर्वी त्या बाई वारल्या होत्या. आम्हाला कोणाला हे माहीत नव्हतं, कारण आम्ही कोणी विचारलं नव्हतं. बोलता बोलता तेही आकडे बघून कागद लावू लागले, आणि आत्याबाई माझ्या टेबलावरच्या दाभणानं ते ओवून देऊ लागल्या. सगळं जागेवर आलं तेव्हा साहेब म्हणाले की कापड विरलंय, तुम्ही घेऊन जा, मी जीर्ण म्हणून लिहितो. हाती आलेलं कापड आत्याबाई सोडताहेत हे मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं. त्यांनी ते कागदांवर पसरलं आणि त्यांच्यापुढे सरकवलं. "तुमच्या माणसाची गाठ मी सोडायची नव्हती," त्या म्हणाल्या. "बांधा तुम्हीच."

मामा गेल्यावर काही वर्षांनी आत्याबाई मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला आमच्याकडे लातूरला आल्या. डोळ्यावर हिरवी पट्टी, आणि सुई ओवता येत नाही म्हणून साऱ्या जगावर राग. हिला घरकामातून वेळ नसे, म्हणून रोज सकाळी कचेरीत जाण्याआधी मी त्यांना वीस सुया ओवून उशीत टोचून ठेवू लागलो. चाचपून एकेक काढायच्या, दोरा संपला की रिकामी सुई परत टोचायची. टाके वाकडेतिकडे पडत, लांब पडत. पण संध्याकाळी मी घरी येईपर्यंत विसाच्या वीस रिकाम्या असत, आणि दोरा आखूड कापता म्हणून मलाच बोलणी बसत.

एका संध्याकाळी आलो तर सगळ्या सुयांत दोरे तसेच लोंबत होते. आत्याबाई खिडकीपाशी उशी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बरं वाटत नाही का, म्हणून मी विचारलं. तसं काही नाही म्हणाल्या. "जल्मभर मीच ओवत आले. म्हटलं, कुणी आपल्यासाठी ओवलेलं आज जरा हातानं बघत बसावं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तीन सुया वापरल्या, त्यानंतर एक. मग त्यांचा गावाकडचा एक भाचा जीप घेऊन आला आणि त्यांना चाकूरला घेऊन गेला; तिथून त्या पुन्हा आल्या नाहीत. उशी आमच्याकडेच राहिली. बरेच दिवस मी सकाळी घड्याळाकडे बघत असे, कचेरीला वेळ असे, आणि त्या वेळाचं काय करावं ते मला कळत नसे.